केमोचा त्रास अंगावर काढू नका

माणगंगेच्या काठचे म्हसवड हे सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील, पर्जन्यछायेतले गाव. पाऊस हुकला तरी पेरणीची तयारी ठेवायची, विहीर आटली तरी जनावर जगवायचे, घरातल्या अडचणीचा दारात बोभाटा करायचा नाही, ही येथील पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात याच गावच्या चारा छावणीत अनेक कुटुंबांनी आपल्या जनावरांसह महिनोन्‌महिने मुक्काम केला. सोसण्याचे बळ माणदेशी माणसाला कुणी वेगळे शिकवावे लागत नाही.

कर्करोगाच्या उपचारांत मात्र हाच गुण कधीकधी माणसाच्या मुळावर येतो. ‘औषधच कडक आहे, तेव्हा एवढे व्हायचेच’, ‘एवढ्याशा तापासाठी डॉक्टरांना कशाला फोन करायचा’, ‘घरच्यांना आधीच काय कमी घोर आहे’, असे म्हणत उलट्या, जुलाब, ताप, तोंडातील जखमा अंगावर काढल्या जातात. वजन उतरते, रक्त कमी होते, पुढचा डोस लांबणीवर पडतो; आणि काही घरांत तर ‘आता हे सहन होत नाही’ म्हणून उपचारच अर्ध्यावर सुटतात. आजाराशी झुंजण्यासाठी जमवलेले बळ दुष्परिणामांशी मुकाट्याने झुंजण्यात खर्च होते.

वाचकहो, त्रास सांगणे ही तक्रार नव्हे, तो उपचाराचाच एक भाग आहे. याला आधार आहे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतील काहींनी आपली लक्षणे नियमितपणे नोंदवायची आणि त्रास वाढताच परिचारिकेला सूचना जायची, अशी व्यवस्था होती. इतरांची काळजी नेहमीच्या पद्धतीने घेतली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लक्षणे नोंदवणारे रुग्ण सरासरी ३१ महिने जगले, तर दुसऱ्या गटातील २६ महिने. हे सर्व रुग्ण शरीरात पसरलेल्या कर्करोगाचे होते. पाच महिन्यांचा हा फरक कोणत्याही नव्या औषधाने पडलेला नव्हता. त्रास वेळेवर कळला आणि वेळेवर आवरला, एवढेच घडले होते.

डोस रुग्णालयात, त्रास घरात

म्हसवड आणि परिसरातील रुग्ण उपचारांसाठी कुणी मिरजेला, कुणी कराडला, कुणी बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात, तर कुणी थेट परळच्या टाटा रुग्णालयात जातात. कोठेही गेले तरी प्रवास काही तासांचा. केमोचे सलाईन काही तासांत संपते आणि रुग्ण एसटीने किंवा गाडीने गावी परततो. खरा त्रास सुरू होतो तो त्यानंतर, घरच्या ओसरीवर. म्हणून कोणत्या दिवशी काय होऊ शकते, हे घरातल्या एका तरी माणसाला नीट माहीत असले पाहिजे.

केमोची बहुतेक औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच. परंतु तोंडाचे व आतड्याचे अस्तर, केसांची मुळे आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा यांतील निरोगी पेशीही वेगाने वाढतात. तोंड येणे, जुलाब, केस गळणे, रक्त कमी होणे यांचे मूळ येथे आहे. निरोगी पेशी पुन्हा भरून येतात, म्हणूनच दोन डोसांमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवलेले असते.

सर्वसाधारणपणे पहिले दोन-तीन दिवस मळमळ व उलट्यांचे. पाचव्या दिवसापासून पुढे तोंडातील जखमांचे. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. हा काळ संसर्गाच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा. औषध बदलले की हे वेळापत्रकही बदलते. त्यामुळे पहिल्याच डोसच्या वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : ‘या औषधाने कोणता त्रास, कितव्या दिवशी होतो?’

ताप : येथे एक रात्रही थांबू नये

केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सिअस) किंवा त्याहून अधिक झाला, तर ती तातडीची बाब आहे. एरवी आपण तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहतो. केमोच्या रुग्णाने तसे करू नये. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा वाटणारा संसर्गही काही तासांत रक्तात पसरू शकतो, आणि तापाच्या गोळीने अंग निवले तरी संसर्ग आत वाढतच राहतो. अशा वेळी लगेच फोन करावा, रक्ततपासणी व प्रतिजैविकाची सलाईन मिळू शकेल असे रुग्णालय गाठावे आणि ‘केमो चालू आहे’ हे दारातच सांगावे. अंगात थंडी भरली, पण पारा चढला नाही, तरीही दुर्लक्ष करू नये.

त्यासाठी घरात थर्मामीटर हवाच. हात लावून पाहिलेला ताप पुरेसा नाही. म्हसवडपासून मोठे रुग्णालय दूर असल्याने रात्री जायची वेळ आली तर कोणाची गाडी, कोण सोबत, कोणत्या क्रमांकावर फोन, हे डोस घेऊन परतल्या दिवशीच ठरवून ठेवावे.

याच काळात गर्दीही टाळावी. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो तेव्हा म्हसवडचा माणूस कोठेही असला तरी गावी यायला पाहतो. परंतु डोसनंतरचा दुसरा आठवडा त्याच सुमारास येत असेल, तर रुग्णाने गुलालाच्या गर्दीत शिरण्याऐवजी दुरूनच हात जोडावेत. भेटायला येणाऱ्यांपैकी कोणाला सर्दी-खोकला असेल तर त्यांना नम्रपणे नंतर यायला सांगावे. सर्वांत मोठे संरक्षण मात्र साबणाने हात धुण्याचे आहे. रुग्णानेही आणि स्वयंपाक करणाऱ्यानेही.

अन्न : बळाचे रोजचे भांडवल

उलट्या थांबवण्याच्या गोळ्या उलटी झाल्यावर नव्हे, तर लिहून दिलेल्या वेळी, मळमळ नसतानाही घ्यायच्या असतात. एकदा उलट्यांचा जोर वाढला की गोळीही पोटात टिकत नाही. एखाद्या गोळीने फार झोप येत असेल तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. ओलान्झापीन हे मळमळीवरील प्रभावी औषध. त्याच्या नेहमीच्या १० मिलिग्रॅमच्या मात्रेने गुंगी येते. भारतातच झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २.५ मिलिग्रॅमची अल्प मात्राही तितकीच उपयोगी आणि कमी गुंगी आणणारी ठरली. त्रास सांगितला तरच डॉक्टरांना मात्रा बदलता येते.

मळमळीच्या दिवसांत ताटभर जेवणाचा आग्रह धरू नये. दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे द्यावे. फोडणीचा वास नकोसा होतो, म्हणून स्वयंपाक चालू असताना रुग्णाने दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात बसावे. गरम पदार्थापेक्षा निवलेला पदार्थ कमी वास मारतो. दहीभात, मुगाची मऊ खिचडी, नाचणीची आंबील, हुलग्याचे माडगे हे आपल्याकडचे पदार्थ अशा वेळी चांगले उतरतात. पाणी एकदम न पिता घोटघोट घ्यावे.

तोंड आले असेल तर खर्डा, चटणी, आंबट आणि कडक पदार्थ काही दिवस बाजूला ठेवावेत. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्यावी. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा मिसळून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या कराव्यात. हे पाणी रोज ताजे करावे. दात घासण्यास मऊ ब्रश वापरावा.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. आपल्या भागात अनेक स्त्रिया मिश्री लावतात आणि तिला व्यसन मानत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती आधीच सोललेल्या तोंडाला आणखी जाळते, जखमा भरू देत नाही आणि नव्या कर्करोगाला निमंत्रण देते. उपचार सुरू होताना मिश्री, तंबाखू, गुटखा आणि बिडी कायमची सुटली पाहिजेत. एकट्याने सोडणे कठीण जाते. म्हणून घरातील इतरांनीही त्याच दिवशी सोडावी.

स्नायू टिकवायचे तर प्रथिने हवीत. उपचार घेणाऱ्या रुग्णाला दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या व्यक्तीला ६० ते ७५ ग्रॅम. हा आकडा मोठा वाटतो. पण घरच्या घरी हिशेब मांडून पाहा. ज्वारीच्या तीन मध्यम भाकऱ्यांतून सुमारे १५ ग्रॅम, दोन पेले दुधातून १३, दोन उकडलेल्या अंड्यांतून १२, वाटीभर घट्ट वरणातून ७, वाटीभर मटकीच्या उसळीतून ७ आणि मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम. बेरीज ६० च्या पुढे जाते. अंडी चालत नसतील तर पनीर, दही किंवा सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात. महागड्या पावडरीच्या डब्याची गरज सर्वांना नसते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दूध उकळलेले, अंडे पूर्ण शिजलेले, उसळ ताजी असावी. मोड आलेली कच्ची कडधान्ये आणि उघड्यावरचे पदार्थ टाळावेत. आपल्या भागातले डाळिंब खुशाल खावे, परंतु स्वच्छ धुऊन, घरी सोलून. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. ५० किलोच्या रुग्णाचे अडीच किलो वजन घटले, तर ‘उपचार संपल्यावर भरून येईल’ असे म्हणू नये. पुढच्याच भेटीत सांगावे.

थकवा : झोपून राहिल्याने जात नाही

केमोचा थकवा शेतात राबून आलेल्या थकव्यासारखा नसतो. तो झोपेने उतरत नाही. म्हणून घरचे प्रेमापोटी म्हणतात, ‘पडून राहा, काही करू नका.’ पण सतत पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात आणि थकवा वाढत जातो. या थकव्यावर आज ज्या उपायाला सर्वांत भक्कम आधार आहे, तो म्हणजे झेपेल एवढी हालचाल.

सुरुवात अगदी लहान असावी. पहिल्या आठवड्यात अंगणात पाच मिनिटे, दिवसातून तीन वेळा. मग दहा मिनिटे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, प्रथम पाच वेळा, मग दहा वेळा. याने मांड्यांत बळ येते. हळूहळू आठवड्यातून तीन दिवस प्रत्येकी अर्धा तास चालणे आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, येथवर पोहोचावे. माणदेशातील उन्हाळा लक्षात घेता चालणे पहाटे किंवा दिवे लागल्यानंतरच. ताप, चक्कर, दम, छातीत दुखणे किंवा रक्तस्राव असेल त्या दिवशी व्यायाम नको. कर्करोग हाडांत पसरला असेल तर कोणता व्यायाम चालेल, हे आधी विचारावे.

व्यायामाचा लाभ उपचार संपल्यावरही मिळतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के रुग्ण आठ वर्षांनंतर हयात होते. केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के.

दुष्काळात टँकरचे पाणी जसे आपण पिण्यासाठी, जनावरांसाठी, सांडण्यासाठी वेगवेगळे राखतो, तसे दिवसभराचे बळही वाटून घ्यावे. सकाळी उत्साह असेल तर आंघोळ आणि महत्त्वाचे काम तेव्हा करावे, मग विश्रांती. दुपारची झोप तासाभराहून अधिक नसावी, नाहीतर रात्र जागून काढावी लागते. थकवा एकाएकी वाढला, जिना चढताना धाप लागली, तर हिमोग्लोबिन तपासावे. लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत.

हातापायांच्या मुंग्या, त्वचा आणि सूज

काही औषधांनी हातापायांची बोटे बधिर होतात, मुंग्या येतात. रुग्ण हे फार क्वचित सांगतात. परंतु बधिर पायाने शेतात अनवाणी जाणाऱ्याला बाभळीचा काटा रुतलेला कळत नाही आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईला तव्याचा चटका उशिरा जाणवतो. घरातही चप्पल घालावी, भांडे उचलताना फडके घ्यावे, रोज पाय तपासावेत. शर्टाचे बटण लावणे किंवा सुई ओवणे जमेनासे झाले, तर पुढच्या डोसपूर्वी सांगावेच; मात्रा बदलून पुढील इजा टाळता येते.

किरणोपचार चालू असतील तर त्या जागेवर हळद, तेल, लेप काहीही परस्पर लावू नये, काढलेल्या खुणा पुसू नयेत, ऊन लागू देऊ नये आणि सैल सुती कपडे घालावेत. तोंडाच्या किंवा घशाच्या किरणोपचारांपूर्वी दात तपासून घ्यावेत. नंतर जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम शिकून रोज करावेत. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील, तर त्या हाताच्या बांगड्या सैल असाव्यात आणि खुरपताना हातमोजा घालावा. हंडा-कळशी उचलणे एकदम सुरू न करता व्यायामाने ताकद वाढवत हळूहळू करावे. हात जड वाटला किंवा सूज दिसली तर लगेच दाखवावे.

काढे आणि झाडपाला

आजारी माणसाच्या घरी प्रत्येक पाहुणा एक उपाय घेऊन येतो. त्यामागे माया असते. परंतु ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ ही समजूत खरी नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. केमोची अनेक औषधे यकृतातूनच बाहेर पडतात. आपण काही घेत असाल तर ते लपवू नका. पुडी किंवा बाटली डॉक्टरांपुढे ठेवा.

घर आणि मन

कर्करोग हा संसर्गजन्य रोग नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळी करण्याचे कारण नाही, आणि बाहेरून किरणोपचार घेणाऱ्या आईने लेकराला जवळ घेण्यात कोणताही धोका नाही. केमोनंतरचे दोन दिवस मात्र रुग्णाची उलटी किंवा मलमूत्र साफ करताना हातमोजे घालावेत आणि संडासात भरपूर पाणी टाकावे. पाणीटंचाई असली तरी त्या दोन दिवसांचे पाणी आधी बाजूला काढून ठेवावे.

केस जातात तेव्हा अनेकींना आजाराहून ते दुःख मोठे वाटते. ‘केसांचे काय एवढे’ असे म्हणू नये. बहुतेकींचे केस उपचार संपल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा येऊ लागतात, हे सांगावे आणि तोवर तिला हवे तसे, पदराने किंवा रुमालाने, डोके झाकू द्यावे. तरुण जोडप्यांनी पुढे मूल हवे असल्यास उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, आणि उपचारकाळात गर्भ राहू नये याची काळजी घ्यावी. दोन-दोन आठवडे झोप नाही, कशात मन नाही, रडू आवरत नाही, अशी अवस्था असेल तर तोही दुष्परिणामच समजावा. त्यावरही उपचार आहेत. वेदनेचेही तसेच. दुखणे सहन करण्यात कोणतेही पुण्य नाही.

रुग्णाची शुश्रूषा बहुधा घरातील एकाच बाईच्या वाट्याला येते. तिच्या जेवणाची, झोपेची विचारपूस कोण करतो? आठवड्यातून एक दिवस तरी दीर, नणंद, मुलगा यांपैकी कोणीतरी तिची जागा घ्यावी.

पैसा, प्रवास आणि एक वही

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार यांचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटावे. शिधापत्रिका आणि ओळखपत्र सोबत असावे. रेल्वे आणि एसटीच्या प्रवासात कर्करोग रुग्णांना सवलत असते. त्याचे प्रमाणपत्र रुग्णालयातून मागून घ्यावे.

आणि एक शंभर पानी वही आजच आणावी. डोसची तारीख, वजन, ताप, उलट्या, शौच, खाल्लेले अन्न, चाललेली मिनिटे, दुखण्याला दहापैकी गुण, असे रोज चार-पाच ओळींत लिहावे. रुग्णाला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारे नातवंड लिहील. डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर आठवत नाही, संकोच वाटतो, वेळ कमी असतो. तेव्हा वही पुढे सरकवावी.

लगेच फोन करावा किंवा रुग्णालय गाठावे, जर—

• ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असेल, किंवा थंडी वाजून अंग कापत असेल.
• दिवसभरात पाणीही पोटात टिकत नसेल, किंवा लघवी फार कमी होत असेल.
• नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त जुलाब होत असतील. (तोवर क्षारसंजीवनी द्यावी. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.)
• हिरड्या, नाक, लघवी किंवा शौचावाटे रक्त जात असेल.
• दम लागत असेल, छातीत दुखत असेल, किंवा एका पायाला अचानक सूज आली असेल.
• रुग्ण असंबद्ध बोलत असेल, फार गुंगीत असेल, किंवा पायांतील शक्ती एकाएकी गेली असेल.

ही चौकट कापून, खाली रुग्णालयाचा, गावातील डॉक्टरांचा आणि गाडीवाल्याचा क्रमांक लिहून, घरातल्या सर्वांना दिसेल अशा भिंतीवर लावावी.